कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू होताय? अत्यवस्थ मुलासाठी रुग्णालय असं तयार ठेवा

ऑर्डर हातात पडते, गाव देवरुख असतं किंवा राजापूर, मंडणगड, वैभववाडी. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, बालरोगतज्ज्ञाचं पद रिक्त किंवा आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारे डॉक्टर. सरकारी सेवेचा बाँड पूर्ण करायला आलेला नवा एमओ (वैद्यकीय अधिकारी) आणि नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टर यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम लक्षात येईल. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा अचानक बंद पडतं. मुलाचं सहसा तसं होत नाही. त्याचा श्वास आधी दमतो किंवा रक्ताभिसरण आधी कोलमडतं आणि हृदय सगळ्यात शेवटी हात टेकतं. म्हणजे मधे वेळ मिळतो. त्या वेळात लागतं काय? ऑक्सिजन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मापाचा मास्क, साखर, सलाइन, दोन-चार इंजेक्शनं. यातलं काहीही महाग नाही आणि बहुतेक सगळं तुमच्या रुग्णालयात आत्ताही आहे. फक्त ते लेबर रूमच्या कपाटात असतं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे त्या सिस्टर रजेवर असतात आणि मूल कॅज्युअल्टीत असतं.

पहिल्या दिवशी: फिरून बघा

रुजू रिपोर्ट दिला की इमारतीच्या फाटकापासून कॅज्युअल्टीच्या टेबलापर्यंत चालत जा. कडेवर निपचित मूल घेऊन रात्री दोन वाजता रिक्षातून उतरलोय असं समजून चाला. कोणतं दार उघडं असतं? दिवा कुठे लागतो? वॉचमन कुठे झोपतात? पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं का?

आत आलात की ट्रॉलीचे खण स्वतः उघडा. यादीवर "उपलब्ध" असा शिक्का असला तरी वस्तू हातात घेऊन बघा. अँबू बॅग दोन मापांच्या हव्यात: नवजात बाळासाठी साधारण २५० मिलीची आणि मुलांसाठी ४५० ते ५०० मिलीची. मास्क ०, १ आणि २ नंबरचे. बॅग दाबून बघा, व्हॉल्व्ह उघडतो का, कोकणच्या दमट हवेत रबर चिकट झालंय का. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघा. पल्स ऑक्सिमीटरचा लहान प्रोब, लहान मुलाचा बीपी कफ, सक्शन आणि त्याचे बारीक कॅथेटर, २४ आणि २२ नंबरचे कॅन्युला, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांची एक्सपायरी. आणि सिलिंडर उघडायचा पाना. हा पाना सिलिंडरला साखळीने बांधलेला नसेल तर आजच बांधून घ्या. भरलेला सिलिंडर समोर आणि पाना शोधत सगळे पळताहेत, हे दृश्य आपल्याकडे फार जुनं आहे.

"पिडियाट्रिक मास्क कुठेय, सिस्टर?" "होता हो डॉक्टर, लेबर रूमला नेलाय." हे उत्तर ऐकलंत की पुढची पायरी आपोआप सुचते.

एक नाव ठरवा

अमेरिकेत २०१३ मध्ये देशभरातल्या चार हजारांहून जास्त आपत्कालीन विभागांची मुलांसाठीची तयारी १०० पैकी गुण देऊन तपासली गेली. मधला गुण आला ६९ च्या आसपास. तसल्या श्रीमंत देशातही निम्म्या ठिकाणी सत्तरी गाठली नव्हती. चांगले गुण मिळालेल्या ठिकाणांत एक गोष्ट ठळक दिसली, ती म्हणजे मुलांच्या तयारीची जबाबदारी तिथे नाव घेऊन कोणावर तरी सोपवलेली होती. यंत्रं आणि इमारती यांच्या तुलनेत हे जवळजवळ फुकटातलं काम आहे.

आपल्याकडे हे नाव डॉक्टरचं ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाँडवाले डॉक्टर वर्षभरात जातात, अधीक्षक कोर्टाच्या तारखा आणि मीटिंगांत अडकलेले असतात. एखाद्या अनुभवी सिस्टरना विचारा, त्यांना ते करायची इच्छा हवी. अधीक्षकांच्या सहीचा साधा कार्यालयीन आदेश काढून घ्या, म्हणजे स्टोअरकडे इंडेंट (मागणीपत्र) टाकताना त्यांच्या शब्दाला वजन येतं. किरकोळ खरेदीसाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. लहान मास्क आणि प्रोब त्यातून येऊ शकतात, त्यासाठी जिल्ह्याच्या टेंडरची वाट बघायची गरज नाही.

वजन, आणि भिंतीवरचा तक्ता

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

मुलाचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं. त्यामुळे वजनकाटा ओपीडीच्या कोपऱ्यात न ठेवता कॅज्युअल्टीत ठेवा आणि केसपेपरवर वजन किलोतच लिहा. उभं राहू न शकणाऱ्या मुलाला आईसकट काट्यावर घ्या, मग आईचं वजन वजा करा. तेवढाही वेळ नसेल तर १ ते ६ वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ८ हा अंदाज चालतो: ३ वर्षांचं मूल १४ किलो, ५ वर्षांचं १८ किलो. आपल्याकडची पोरं बऱ्याचदा याहून हलकी असतात, तेव्हा नजरेला किरकोळ वाटलं तर एक पायरी खालचा आकडा घ्या. मुलाच्या उंचीवरून वजन सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या मिळतात, पण त्याही आपल्या सडपातळ मुलांचं वजन जास्त दाखवू शकतात.

आता तक्ता. ३ किलोपासून ३० किलोपर्यंत ओळी आखा आणि प्रत्येक औषधाचा डोस मिलिग्रॅमसोबत मिलीमध्ये लिहा. रात्री घाबरलेल्या माणसाला भागाकार जमत नाही. १० किलोची ओळ नमुन्यादाखल देतो:

- अॅनाफायलॅक्सिससाठी (जीवघेण्या अॅलर्जीसाठी) अॅड्रेनलिन (१ मिलीत १ मिग्रॅ): ०.१ मिली, मांडीच्या स्नायूत
- हृदय बंद असताना अॅड्रेनलिन (१ मिलीचं अँप्यूल अधिक ९ मिली सलाइन): १ मिली शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी
- आकडी चालू असताना नाकातून मिडाझोलाम: २ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत ५ मिग्रॅ असलेलं ०.४ मिली, दोन्ही नाकपुड्यांत वाटून
- साखर कमी असताना १० टक्के डेक्स्ट्रोज: ५० मिली
- शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडल्यावर) नॉर्मल सलाइन: १०० ते २०० मिली, देऊन पुन्हा तपासणी

मिडाझोलाम १ मिलीत १ मिग्रॅ आणि १ मिलीत ५ मिग्रॅ अशा दोन ताकदींत येतं. पहिलं नाकात घालायचं तर २ मिली लागेल, ते घशात उतरेल आणि आकडी तशीच राहील. म्हणून तक्ता करताना पुस्तक बाजूला ठेवा आणि कपाटातलं अँप्यूल हातात घ्या. स्टोअरमधून नवा लॉट आला, ताकद बदलली, की तक्ता त्याच दिवशी बदलायचा. फार्मासिस्टना हे आधीच सांगून ठेवा. मिडाझोलाम देताना अँबू बॅग शेजारी हवीच, श्वास मंदावू शकतो.

१० टक्के डेक्स्ट्रोज बऱ्याचदा मिळत नाही, २५ टक्के मिळतं. २० मिली २५ टक्के आणि ३० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की ५० मिली १० टक्के तयार. हेही तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा. तक्ता जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून, तारखेसह सही घेऊन मगच भिंतीवर लावा.

आधी बघायचं, केसपेपर मागून

गंभीर मूल ओळखायचं काम डॉक्टरच्या टेबलापासून सुरू होत नाही. ते केसपेपरच्या खिडकीवर सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांच्या ट्राएजची (कोणाला आधी बघायचं हे ठरवायची) पद्धत शिकवायला एक दुपार पुरते, आणि ती क्लार्क, वॉचमन, मावशी सगळ्यांना शिकवा. त्यांनी निदान करायचं नाही, फक्त उचलून आत आणायचं. मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, आकडी चालू आहे, कण्हत श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, हातपाय गार आहेत, डोळे खोल गेलेत, भाजलंय, काही विषारी प्यायलंय, किंवा दोन महिन्यांच्या आतलं आजारी बाळ आहे: रांग नाही, केसपेपर नाही, थेट आत.

श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला सिस्टरना आग्रह धरा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० म्हणजे जलद.

आणि आई काय म्हणते ते ऐका. "गप्प गप्प झालाय", "दूध ओढत नाही", "कधीचा निजूनच आहे" या वाक्यांचं वजन थर्मामीटरपेक्षा जास्त असतं. मालवणीत "झिल कायच बोलना नाय" (मुलगा काहीच बोलत नाही) असं कुणी म्हणालं तर नव्या घाटावरच्या डॉक्टरने हसू नये, टॉर्च घेऊन उठावं.

कोकणात जे येतं, त्याची तयारी

पुस्तकात न्यूमोनिया आणि जुलाब पहिल्या क्रमांकावर असतात. इथेही ते येतातच, आणि त्यांच्यासाठी ओआरएस, झिंक आणि ऑक्सिजन लागतो, ते तुम्हाला माहीत आहे. पण इथल्या कातळावर, व्हाळात आणि समुद्रावर जे घडतं त्याची तयारी वेगळी करावी लागते.

विंचवापासून सुरुवात करू, कारण या विषयातलं जगाने मान्य केलेलं काम आपल्या मातीतलं आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर फुप्फुसात पाणी होऊन मुलं दगावताना पाहिली. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून हे मृत्यू खूप कमी करता येतात हे दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा कोकणातल्या रुग्णालयात प्राझोसिन नसणं हे कुठल्याच कारणाने समजून घेता येत नाही.

फक्त वेदना असेल तर वेदनाशामक आणि बर्फ, मूल निरीक्षणाखाली. पण घाम, उलट्या, लाळ, गार हातपाय, मुलग्यांत लिंग ताठणं यातलं काही दिसलं तर प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो तोंडावाटे, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी. १० किलोच्या मुलाला ०.३ मिग्रॅ. १ मिग्रॅची गोळी कुटून १० मिली पाण्यात नीट ढवळली तर ३ मिली. पहिल्या डोसनंतर मुलाला झोपवूनच ठेवा, कडेवर उभं धरू नका, बीपी एकदम खाली येऊ शकतो. आता खाचखळगा: स्टोअरमध्ये "प्राझोसिन आहे" असं उत्तर मिळालं तरी पाकीट वाचा. रक्तदाबासाठी हळूहळू विरघळणारी गोळी सर्रास येते. ती कुटायची नसते आणि इथे तिचा उपयोग नाही. साधी १ मिग्रॅचीच मागवा. विंचवाची लसही (विषावरचा उतारा) मिळते. प्राझोसिनसोबत दिली तर मूल लवकर सावरतं, पण ती येईपर्यंत प्राझोसिन थांबवायचं नाही.

"पान लागलंय" किंवा "जनावर चावलंय" असं म्हणत आलेल्या मुलाच्या बाबतीत नव्या डॉक्टरचा हात हमखास एका ठिकाणी अडखळतो: मूल एवढंसं, मग डोस अर्धा का? नाही. सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच, सुरुवात साधारण १० कुप्यांनी. कमी करायचं ते फक्त ज्या सलाइनमध्ये मिसळता त्याचं प्रमाण. लसीची अॅलर्जी उसळली तर म्हणून अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून, आधीच शेजारी ठेवा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं खूप, आणि ते रक्त गोठू देत नाही. त्यासाठीची चाचणी काचेच्या साध्या, कोरड्या नळीत होते: २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरकी करायची. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ती खोटं सांगते. अशा चार नव्या काचेच्या नळ्या कॅज्युअल्टीच्या खणात वेगळ्या ठेवा, लॅबच्या भरवशावर राहू नका. शंका असेल तर शेजारच्या नळीत वडिलांचं रक्त ठेवून तुलना करा. मण्यारीचं तंत्र निराळं. रात्री जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं, सूज नाही, खूण नाही, आणि हळूहळू पापण्या मिटायला लागतात. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आली की पापण्या बघायच्या.

आधी भगताकडे नेलं होतं का हे विचारा, पण आवाज चढवू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि किती तास गेले हे तुम्हाला कळणार नाही.

बुडालेलं मूल विहिरीतून येतं, खाडीतून येतं, आणि गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की जास्त येतं. पोट दाबून पाणी काढायचं नाही, उलटं धरून फिरवायचं नाही. श्वास नसेल तर आधी बॅग-मास्कने पाच श्वास, मग छातीवर दाब. दोघं असाल तर १५ दाबांना २ श्वास. ओले कपडे काढा, पुसा, गुंडाळा. शुद्धीवर आलेलं, हसणारं मूलही निदान ६ ते ८ तास ठेवून घ्या.

पावसाळी तापात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया तिन्ही डोक्यात हवेत. दोडामार्ग पट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यात ताप आला तर माकडतापही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवायची नाही, नळी घालून पोट धुवायचं नाही.

शीर सापडत नसेल तर दोन प्रयत्नांवर थांबा आणि गुडघ्याखाली नडगीच्या हाडात सुई घाला. हे ऐकायला भयंकर वाटतं, करायला शिरेपेक्षा सोपं आहे. कोंबडीच्या तंगडीवर सराव करता येतो, आणि तंगडी मिळणं ही आपल्याकडे अडचण नाही.

वीज गेली, रस्ता बंद झाला

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुड भागात धडकलं, तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. त्यामुळे जनरेटर तळमजल्यावर असेल आणि शेजारून नदी वाहत असेल तर तो प्रश्न मे महिन्यातच अधीक्षकांसमोर मांडा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि वीज गेली की सगळे तरी त्याच्याकडेच बघत राहतात.

सिलिंडरचा हिशेब पाठ करा. जंबो म्हणजे डी टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर, लहान बी टाइपमध्ये सुमारे १,५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावलं तर भरलेला बी टाइप ५ तास पुरतो. अर्धा असेल तर अडीच. मूल कोल्हापूरला पाठवायचं असेल तर घाट, ट्रक आणि धुकं धरून किती तास लागतील ते विचारा, त्यात निम्मे आणखी मिळवा आणि मग काटा बघा.

पाठवायचं कसं

रेफर म्हणजे चिठ्ठी नाही. आधी श्वास, साखर, आकडी आणि शॉक सांभाळा, मग गाडीत चढवा.

कुठे पाठवायचं हे ऋतूवर अवलंबून आहे. सावंतवाडी-कुडाळकडचं मूल ओरोसला किंवा गोव्यात बांबोळीला जातं, राजापूर-लांज्याकडचं रत्नागिरीला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला, चिपळूणकडचं डेरवणला, महाड-पोलादपूरकडचं बऱ्याचदा थेट मुंबईला. पावसाळ्यात करूळ, फोंडा, आंबा, कुंभार्ली, वरंध यातला कोणता घाट दरड पडून बंद आहे हे पोलीस ठाण्याला फोन करून विचारा. त्यासाठी नंबर भिंतीवर हवा.

समोरच्या डॉक्टरशी स्वतः बोला. वय, वजन, काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं. १०८ ला फोन करतानाच "लहान मूल आहे, ऑक्सिजन लागेल" सांगा, म्हणजे कोणती गाडी पाठवायची हे त्यांना ठरवता येतं. गाडी आली तरी तिच्यातल्या सामानावर विसंबू नका. आपली एक लाल पिशवी तयार ठेवा: मापाची अँबू बॅग आणि मास्क, सक्शन, डेक्स्ट्रोज, मिडाझोलाम, अॅड्रेनलिन, कोरडी चादर, टॉर्च. पिशवी मुलासोबत गेली की रजिस्टरमध्ये नोंद करा आणि त्याच दिवशी दुसरी भरा. आईला गाडीत बसू द्या.

अपघात, विषबाधा, भाजणं असेल तर एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायचीच, पण उपचार सुरू झाल्यावर. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि उपचारासाठी एफआयआरची वाट बघायची नसते.

सराव

महिन्यातून एकदा, रात्रीच्या शिफ्टच्या सुरुवातीला, बाहुली घेऊन दहा मिनिटं. कुणालाही न सांगता मावशींना बाहुली द्या आणि फाटकापासून आत यायला सांगा. ऑक्सिजन लागायला किती वेळ, वजन कोणी लिहिलं, अॅड्रेनलिनचा डोस तक्त्यावरून वाचला की तोंडपाठ सांगितला, एवढं तिसऱ्या माणसाने घड्याळ लावून लिहायचं. चूक कोणाची यावर चर्चा नको. काय सापडलं नाही त्याची यादी करायची आणि ती सिस्टरांच्या इंडेंटमध्ये जायची. जास्तीचा एक सराव गणपतीच्या आठवडाभर आधी आणि एक मेच्या सुट्टीआधी ठेवा.

ट्रॉलीला सील लावा. सील तुटलेलं दिसलं की त्या शिफ्टने खण मोजायचे, सही करायची, नवं सील लावायचं. रजिस्टरमध्ये कॉलम चारच पुरे: तारीख, शिफ्ट, काय कमी होतं, कधी भरलं. चौथा कॉलम रिकामा असेल तर अधीक्षकांनी त्या पानावर सही करायची नाही, हे त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.